फाटकावरचे दोन कॅमेरे

माझ्या दादाचं एक बरं आहे. तो लांब राहतो आणि फोनवरून आमचं घर चालवतो. बाबा दुपारी घरातून निघून जायला लागले, तेव्हाही त्याने तिकडे बसल्या बसल्या तोडगा काढला.

"फाटकावर कॅमेरा लाव. उन्हावर चालणारा मिळतो, वायरिंगची कटकट नाही. ते फाटकाशी गेले की तुझ्या मोबाइलवर सूचना येईल. तू जायचं आणि घेऊन यायचं. हाय काय आणि नाय काय!"

'तू जायचं' हे त्याला फार सहज म्हणता येतं. पण या वेळी त्याचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बाबांनी जन्मभर बस चालवली. आता त्यांना निवृत्ती आठवत नव्हती, फक्त ड्यूटी आठवत होती. मी आतल्या खोलीत पडदे शिवायला बसले, मशीनचा आवाज सुरू झाला, की हे बूट चढवून डेपोकडे निघायचे. डेपो कधीच पाडला होता. एकदा ते हमरस्त्याच्या मधोमध उभे सापडले. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते आणि हे हात करून त्यांना वाट देत होते. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आज ना उद्या मी शिवण टाकून धावेन आणि मला उशीर झालेला असेल, एवढीच एक भीती मला होती.

कुलूपही लावून पाहिलं होतं. पण ते फाटकाचे गज धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवत राहिले, "अहो, उघडा हो, पॅसेंजर खोळंबलेत." मला ते बघवेना. कुलूप मीच काढलं.

कोपऱ्यावरच्या कॅमेरावाल्याने काउंटरवर खोक्यांचा बाजार मांडला. शेवटी दोन बाजूला काढले.

"ताई, हा गोल बघा. पॅनेल डोक्यावरच आहे. अंगाची ऊब लागली की हा जागा होतो, एरवी झोपलेला. म्हणून बॅटरी पुरते. आणि हा चौकोनी. याचं पॅनेल वेगळं, वायरने जोडायचं. म्हणजे कॅमेरा झाडाच्या सावलीत असला तरी पॅनेल उन्हात टांगता येतं. मात्र याला ऊबबीब कळत नाही. हा आकार बघतो. माणूस दिसला की त्याच्याभोवती हिरवी चौकट काढतो."

"चुकतो का?"

"कोण चुकत नाही ताई?"

मी म्हटलं, मला तत्त्वज्ञान नको, कॅमेरा हवाय. तो हसला. त्याची पद्धतच होती, गिऱ्हाइकाचं ठरत नसलं की दोन्ही लावून द्यायचे, पसंत पडेल तो ठेवायचा, दुसरा तो परत न्यायचा. गल्लीत सगळ्यांकडे त्याने असंच केलं होतं. दुकानात तोंडाचा पट्टा सुरू असलेला हा माणूस कॅमेरे फाटकाकडे रोखून बसवायला ओसरीच्या भिंतीशी शिडीवर चढला मात्र, आणि उंचीच्या भीतीने त्याची बोलती बंद झाली. बाबा खाली उभे राहून लक्ष घालत होते.

"आरसे बसवताय का? डावा जरा आत घ्या. मागचं दिसत नाही."

"हो साहेब," तो डोळे मिटून म्हणाला, आणि खरंच डावा जरा आत घेतला.

गोल कॅमेरा गुणी निघाला. बाबा फाटकाशी गेले की लगेच सांगायचा. चौकोनी म्हणजे नुसता वात्रट. दोरीवर वाळत घातलेल्या बाबांच्या विजारीला तो दिवसभर माणूस म्हणत होता. मी ते चित्र दादाला पाठवलं, आम्ही दोघं खूप दिवसांनी पोट धरून हसलो. दादा म्हणाला, चौकोनी परत कर.

मी करणारच होते. पण मग तो आधी सांगायला लागला. मोबाइल वाजायचा, चौकटीत बाबा पाठमोरे फाटक ओलांडताना दिसायचे. मी धावत बाहेर यायचे तर बाबा ओसरीत खुर्चीवर बसून अजून बुटाची नाडी बांधत असायचे. मान वर करून विचारायचे, "इतक्यात निघालो का मी?" मग काही वेळाने ते खरोखर उठून फाटकाशी जायचे आणि तेव्हा गोल कॅमेरा सूचना द्यायचा. कॅमेरावाल्याला फोन केला तर म्हणाला, घड्याळ जुळलेलं नसेल, कालची चित्रं आज दाखवत असेल. पटण्यासारखं होतं. मला पटवून घ्यायचंच होतं.

त्या दुपारी मशीनवर जाड पडदा होता. मोबाइल वाजला. हिरवी चौकट, आत बाबा, पुढच्या क्षणी रस्त्यावर. ओसरीतली खुर्ची रिकामी होती. मी चपलाही न घालता धावले. हमरस्त्यापर्यंत गेले. पंक्चरवाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, पाडलेल्या डेपोच्या मोकळ्या जागेत जाऊन हाका मारल्या. गोल कॅमेऱ्याने काहीच कळवलेलं नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

घरी परतले तेव्हा बाबा त्यांच्या खोलीत, पलंगावर होते. एक बूट पायात, एक हातात. हात अजून कोमट होता.

डॉक्टर म्हणाले, त्यांना त्रास झाला नसेल. होईना का. ते घरात एकटे जात होते आणि मी त्यांना रस्त्यावर शोधत होते. अजूनही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. नंतर मी ते चित्र पुन्हा पाहिलं. त्यात फाटकाची कडी उचललेलीच नव्हती.

दादा येऊन, रडून गेला. तो गेल्यावर मी फाटकाला कुलूप घातलं. आता कोण बाहेर जाणार होतं? माणसं येऊन हळहळत बसतात, तेही नको झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन सुरू केली आणि मोबाइल वाजला. चौकोनी. चौकटीत बाबा होते. पण आता ते पाठमोरे नव्हते. फाटकाच्या पलीकडे, रस्त्यावर उभे राहून घराकडे बघत होते. दोन्ही हातांनी गज धरले होते आणि ओठ हलत होते.

मी ते चित्र दादाला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला. "अगं, चौकट रिकामी आहे. कपडे वाळत असतील."

"रस्त्यावर कोण कपडे वाळत घालतं रे?"

तो म्हणाला, "तू चार दिवस इकडे ये."

मी गेले नाही. रोज दुपारी मोबाइल वाजत राहिला. मशीन थांबवली तरी वाजायचा. खिडकीतून पाहिलं तर फाटकाशी नुसतं ऊन. चित्रात मात्र बाबा. दिवसागणिक थकलेले, गजांवर कपाळ टेकलेले. मला त्यांची भीती वाटत होती, हे सांगायला लाज वाटते. आपल्याच बापाची भीती! मोबाइल उशीखाली खुपसून मी बसून राहायचे, आणि तिथूनही तो घरघरायचा.

मग एका दुपारी मला माझाच संताप आला. जिवंत असताना ते बाहेर गेले तर घरी आणायला मी जिवाचं रान करत होते. आता ते आपल्या पायांनी दाराशी आले होते आणि मी कुलूप घालून आत बसले होते.

किल्ली घेऊन गेले. मोबाइल दुसऱ्या हातात होता. चौकोनीच्या चित्रात दोन हिरव्या चौकटी दिसत होत्या, एक माझी, एक त्यांची, मधे फक्त गज. गोल कॅमेऱ्याच्या चित्रात मी एकटीच होते. माझ्या डोळ्यांसमोरही कोणीच नव्हतं. किल्ली आधी उलटीच घातली. कुलूप निघालं, फाटक पूर्ण उघडलं आणि मी बाजूला झाले.

"या बाबा. गाडी लागली डेपोत. झाली ड्यूटी."

दुसरी चौकट जागची हलली. माझ्या अगदी जवळून आत आली. ती अंगणातून घराकडे जाताना मोठी मोठी होत गेली आणि कॅमेऱ्याच्या खालून दिसेनाशी झाली. मी कितीतरी वेळ फाटकाशीच उभी होते. घरात पाऊल टाकायचा धीर होत नव्हता. पण माझंच घर होतं, गेले.

त्यानंतर मोबाइल वाजला नाही.

काही दिवसांनी कॅमेरावाला शिडी घेऊन आला. दारात जरा घुटमळला, बाबांबद्दल दोन शब्द बोलला. मग विचारलं, "कोणता काढू ताई?"

"दोन्ही."

"दोन्ही? मग फाटकावर लक्ष कसं ठेवणार?"

"ज्यांच्यासाठी ठेवत होते, ते घरात आलेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत, ओसरीतल्या खुर्चीकडे. शिडी भिंतीला टेकवली आणि स्क्रू काढायला वर चढला.