वाऱ्यात राहून गेलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. आकाराने डब्याएवढा, कोपरे झिजलेले. कॅनडातल्या विनिपेगच्या एका ध्वनिस्टुडिओतल्या टेबलावर माझा संसार आहे. भिंतीतले माझे धिप्पाड भाऊबंद खर्जात घुमले की खुर्च्या थरथरतात. मला खर्ज जमतच नाही. पण घरोघरी मालिका ऐकल्या जातात त्या माझ्यासारख्या किरकोळ स्पीकरांवरच. म्हणून इथली आवाज जुळवणारी मार्लिस प्रत्येक काम शेवटी माझ्यावर ऐकायची. "तू खरं बोलतोस बाबा," म्हणत डोक्यावर थाप मारायची. मी फुलून जायचो. पुढे भारीभारी हेडफोन आले आणि माझ्या डोक्यावर कॉफीचे कप येऊन बसले.

परवा एक मालिका परदेशी वाहिनीला जायची होती. तिकडचे लोक आपल्या भाषेत संवाद भरतात, म्हणून इथले संवाद काढून नुसतं संगीत आणि बाकीचे आवाज पाठवायचे असतात. दारं, पावलं, वारा सगळं चालतं. माणसाचा एक शब्दही चालत नाही. मागचं काम याच कारणाने परत आलं होतं. पुन्हा आलं असतं, तर वाहिनीने स्टुडिओच बदलला असता.

"झालं गं, पाठवू?" मार्लिसचा सहकारी डिऑन म्हणाला.

"त्या खोक्यावर ऐकलंस?"

"त्या म्हाताऱ्याला कशाला उठवतेस आता!"

"उठव. म्हातारेच चुगल्या करतात."

हिमवादळाचा प्रसंग लागला. नायिकेची बडबड काढलेली, खर्ज माझ्यात नाही. उरला सुंसुं वारा. आणि त्या वाऱ्यातून, माझ्याच तोंडून, एक पुरुष बोलला.

"रुसून किती वेळ बसणार गं? बाहेर ये, काय वारा सुटलाय बघ!"

मी हादरलो. मार्लिसच्या हातातला कप खाली पडला. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. तो आवाज आयनारचा होता, तिच्या नवऱ्याचा. गिमली गावच्या तळ्याकाठी हे वादळ त्यानेच रेकॉर्डरवर टिपलं होतं. तो गेल्यापासून ते पडून होतं. डिऑनने ते या मालिकेसाठी पहिल्यांदाच काढलं, आणि त्यावर नायिका बोलत असल्याने कुणाला काही ऐकू आलं नव्हतं.

"पुन्हा लाव," ती कशीबशी म्हणाली. डिऑनने लावलं. मी पुन्हा बोललो. असं वाटलं, माझा पडदा आता फाटतोय.

"मार्लिस, राहू दे का? वाऱ्यात कुणाला कळणार आहे?"

"आपल्याला कळलं ना? सरक, मीच काढते." तेवढा तुकडा तिने बाजूला काढून ठेवला, त्या जागी नुसता वारा भरला आणि काम पाठवून दिलं. वाहिनीने ते निमूट घेतलं.

नंतर ती माझ्यासमोर येऊन बसली. "तेव्हा मी रुसून गाडीतच बसले होते रे," ती डिऑनला म्हणाली. "काच वर करून. तो बाहेरून बोलतोय, हे मला ऐकूच आलं नव्हतं."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा किंवा पुसू नका. पण आपलं माणूस बाहेरून बोलावत असेल, तर तेवढी काच खाली करा.