चढ्या भावाचा दोर

वहिनीनं डोळे मिटले, दोराचं टोक उजव्या मुठीत धरलं आणि डाव्या हातानं तो हळूहळू ओढायला सुरुवात केली. आजाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा दोर मुठीतून सावकाश सरकत होता. कामाला हात लावायच्या आधी अख्खा दोर असा हाताखालून काढायचा, हा त्यांच्या घरातला नेम होता. दोराचं दुखणं डोळ्याला दिसत नाही. कुठं वरची वीण सैल झालीय, कुठं गोळा आलाय, कुठं आतला गाभा पोकळ लागतोय, ते तळहातालाच कळतं, आणि डोळे मिटले की जास्त कळतं.

दोराच्या मध्यावर एक जागा होती. मागं एकदा कापलेली फांदी झोके घेत आली आणि तिथंच घासून गेली होती. तिथं पोचला की वहिनीचा हात जरा घाईनं पुढं जायचा. आजही गेला.

“झालं का मालिश?” भाऊजीनं कमरेचा पट्टा आवळत विचारलं.

“झालं. तुमच्यापेक्षा गुणाचा आहे तो. कुरकुरत नाही.”

“कुरकुरला तर सांगायला मी स्वतःच खाली येईन की. एकदम.”

वहिनी रोजच्यासारखी हसली नाही. तिनं दोराची वेटोळी त्याच्याकडे सरकवली आणि हातमोजे शोधायला पिशवीत तोंड घातलं. मोजे तिच्या हातातच होते.

भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर. ती या घरात आली तेव्हा हा शाळेचं दप्तर अंगणात टाकून समोरच्या झाडावर गायब व्हायचा. जेवायला ये म्हणून हाका मारता मारता तिनंच त्याचं नाव खारोबा ठेवलं होतं. पुढं तोच त्याचा धंदा झाला. लोकांच्या अंगणातली जुनी झाडं, त्यांच्या वाळलेल्या फांद्या, छपरावर लोंबणारी ओझी. हे सगळं झाडाला न दुखवता उतरवून द्यायचं. आधी थोरला, म्हणजे तिचा नवरा, वर चढायचा आणि हा खाली दोर धरायचा. थोरल्याचा गुडघा गेल्यावर हा वर गेला आणि खालचा दोर वहिनीच्या हातात आला. थोरला आता घरी खुर्चीत बसून करवतीच्या साखळ्यांना कानस मारतो आणि दोघं घरी येईपर्यंत दाराकडं बघत राहतो.

त्या गुडघ्यापायीच घरात एक शब्द राखून ठेवलेला होता. तो शब्द म्हणजे ‘उतर’. एकदा खालून धाकट्यानं “उतर!” म्हणून ओरडून सांगितलं आणि थोरल्यानं वरून विचारलं, “का रे?” त्या दोन अक्षरांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात वरची चिरलेली फांदी गुडघ्यावर बसली. तेव्हापासून ठरलं, की ‘उतर’ ऐकलं की उतरायचं. का, कशाला, ते पाय जमिनीला लागल्यावर. आणि हा शब्द दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. जेवायला बोलवायचं तर “या खाली” म्हणायचं. ओझं सुद्धा झाडाजवळ असताना ‘खाली घ्यायचं’. वहिनीच्या जिभेला हे वळण इतकं पडलं होतं, की चुलीवरचं भांडंसुद्धा ती ‘खाली ठेवायची’.

भाऊजीनं खोडाला कपाळ टेकवलं आणि चढायला लागला. घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या काचेच्या छपरावर एक जाडजूड वाळली फांदी आडवी गेली होती. ती तुकड्यातुकड्यानं काढायची होती. घरमालकीण बाईंनी आतून खिडकी लावून घेतली. वहिनीनं ओझ्याचा खालचा दोर धरला, आणि तिच्या ओठांत देवाचं नाव सुरू झालं. तो वर असेपर्यंत ते चालायचंच, आवाज न करता. या महिन्यात मात्र ते नाव घेताना तिला चोरट्यासारखं व्हायचं. देवाला कामाला लावायचं आणि आपलं काम तेवढं टाळायचं, असं काहीसं.

काम काय टाळत होती, ते तिला पक्कं ठाऊक होतं. दोर बदलायचा होता.

हा दोर इथं विणत नाहीत, बाहेरदेशातून जहाजानं येतो. सामानाचा दुकानदार, ज्याला सगळे कप्पीवाला म्हणत, त्याच्याकडं ती महिन्यामागं गेली आणि भाव ऐकून तिनं कानावरचा पदर मागं सारला.

“पुन्हा सांगा.”

त्यानं पुन्हा सांगितला. भाव काही बदलला नाही.

“अहो, मागच्या वेळचा दोर आणि करवत मिळून एवढं झालं नव्हतं!”

“मी काय करू, वहिनी? सरकारनं आयातीवरचं शुल्क वाढवलंय. त्यात गंमत ऐका. झाडावर चढायच्या सामानाला बंदरावर वेगळा रकानाच नाही. मग कुण्या साहेबानं ते खेळाच्या सामानात टाकलं. डोंगर चढायला जातात ना हौशी मंडळी, त्यांचा दोर आणि तुमचा दोर एकच. शौकाची वस्तू. शौकाला शुल्क जास्त.”

“आमचे भाऊजी शौकाला चढतात होय?”

“कागदावर तसंच आहे. साखळ्या महागल्या, पट्ट्याचे आकडे महागले, शिरस्त्राणाची चामडी पट्टीसुद्धा सोडली नाही. माझंच दुकान माझ्या आवाक्यात राहिलेलं नाही.” कप्पीवाला हसला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, “थोडं थांबा. दोन्हीकडच्या सरकारांची बोलणी चाललीयत. शुल्क कमी झालं की पहिला फोन तुम्हाला.”

वहिनी थांबली. थांबणं तिला जमत होतं. साखळीचे दात थोरल्यानं कानसून कानसून मुलांच्या दुधाच्या दातांएवढे केले होते. मोजे तिनं शिवले होते. पट्ट्याचं कातडं तेल पाजून जिवंत ठेवलं होतं. दोर तेवढा शिवता येत नाही. बाजारातला साधा दोर ओझ्याला चालतो, माणसाच्या भाराला ताणतो. आणि कामाचा दर वाढवावा, तर नुसती शिडी लावून निम्म्या पैशांत झाड बोडकं करून देणारे गल्लोगल्ली फिरत होते. म्हणून रोज सकाळी ती स्वतःला सांगायची, हा आठवडा गेला की बघू. आठवडे काय, जातातच.

वर करवत थांबली. पहिला तुकडा दोरावर झुलत खाली आला. वहिनीनं तो अलगद गवतावर टेकवला आणि गाठ सोडली. वर भाऊजी पुढच्या तुकड्यासाठी फांदीवर आणखी बाहेर सरकत होता. तेवढ्यात तिच्या खिशात फोन वाजला.

तो वर असताना ती फोन घेत नसे. पण कप्पीवाल्याचं नाव दिसलं आणि तिचा हात तिच्याआधी पुढं झाला.

“वहिनी, मी बोलतोय...” पुढचं सगळं खरखरीत बुडालं. मधूनच एक शब्द वर आला, “...उतरला...”

“काय? ऐकू येत नाही! काय म्हणालात?”

“...भाव... उतरला...”

“उतरला?” वहिनी ओरडली. तिच्या आवाजात महिन्याचं ओझं होतं, आणि तो साऱ्या अंगणात घुमला. “उतरला म्हणता?”

आवाज एकाएकी साफ झाला. “नाही हो! भाव अजून नाही उतरला, असं म्हणतोय. बोलणी फिसकटली म्हणे. पुढच्या आठवड्यात उतरला तर उतरला. तोवर तुम्ही दुसरीकडं घाई करू नका, एवढंच सांगायला...”

वहिनीनं वर पाहिलं. भाऊजी फांदीवर नव्हता.

तो येत होता. करवत कमरेला अडकवून, दोरावरून, कुठं न थांबता, वर-खाली न बघता तो येत होता. आपण काय बोललो ते तेव्हा कुठं तिला उमगलं. तिनं फोन कानापासून दूर केला. “नाही, तुम्हाला नाही,” असं म्हणायला तोंडही उघडलं, पण अर्ध्यात आलेल्या माणसाला काही सांगायचं नसतं, हाही त्यांचाच नेम. ती गप्प उभी राहिली आणि दोर तिच्या डोळ्यांसमोर त्याच्या वजनानं ताठ होऊन थरथरत राहिला. मधली ती जागा त्याच्या डोक्यावरून वर वर जात होती.

भाऊजीचे पाय गवताला लागले. त्यानं आकडा सोडला आणि दोन पावलं बाजूला जाऊन मटकन खाली बसला. आता ‘का’ विचारायची वेळ होती. त्यानं विचारलं नाही. गुडघ्यांवर कोपरं टेकवून तो आपल्या हातांकडं बघत राहिला.

“बरं झालं हाक मारलीस,” तो म्हणाला.

वहिनीनं मान वर करून दोराकडं पाहिलं.

“दोराचंच ना?” तो म्हणाला.

“तुम्हाला कसं...”

“तुझा हात तिथं घाई करतो, वहिनी.” तो अजून वर बघत नव्हता. “मधल्या जागेशी. आधी करायचा नाही. पट्टा बांधता बांधता रोज बघतो मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? दादाच्या औषधाचे पैसे कुठून येतात ते मला दिसत नाही का? आणि खालचं माणूस ‘चढ’ म्हणतंय तोवर चढायचं. वरच्यानं दोरावर शंका घेतली की तो कामातून गेला. दादानंच शिकवलंय.” त्यानं तोंडावरून पालथा हात फिरवला. “म्हटलं, तुझ्या हाताला कळलंय म्हणजे कधीतरी तोंडालाही कळेल. आज कळलं.”

फोनमधून कप्पीवाल्याचा बारीक आवाज “हॅलो, हॅलो” करत होता. वहिनीनं दीराकडं पाहिलं. दाढीत एकदोन पांढरे केस आले होते. ते कधी आले, तिच्या लक्षात नव्हतं. खरं काय ते सांगावं, असं तिला फार वाटलं. हाक तिनं मारली नव्हती. पण हाक तर तिच्याच तोंडून गेली होती. आणि मारायला हवी होती तेव्हापासून एक महिना ती तिच्या घशातच बसून होती. कुणी ती बाहेर काढली, याचा हिशेब नंतर ती ज्याचं नाव ओठांत घोळवत होती त्याच्याशी करणार होती.

“हो,” ती म्हणाली. “दोराचंच.”

तिनं झाडावरून दोर ओढून काढला. सळसळत तो तिच्या पायांशी येऊन पडला. वाकून तिनं मधली जागा शोधली. डोळे उघडे होते आणि हातानं घाई केली नाही. मग छोटी हातकरवत घेऊन तिथंच दोर कापला. अर्धा राहिलेला दोर कुणी मोहानं पुन्हा गाठ मारून वापरू नये, म्हणून त्याचे आणखी तुकडे केले. आतले धागे बरेचसे धड होते. काही नव्हते. किती दिवस धरला असता, हे सांगू शकेल असं कुणी नव्हतं.

“अहो, ऐकताय ना?” तिनं फोन कानाला लावला. “तो दोर आजच्या भावानं बांधून ठेवा. संध्याकाळी येते न्यायला.”

“आजच्या? वहिनी, एक आठवडा थांबा. उगाच पस्तावाल.”

“पस्तावून झालंय माझं. निम्मे आज घ्या, निम्मे पुढच्या कामाचे. नाही म्हणू नका.”

“मी कधी नाही म्हटलंय?” कप्पीवाला म्हणाला. “पण बिलावर खेळाचं सामान म्हणूनच लिहावं लागेल हं. रागावू नका.”

“लिहा. आजवर खेळच चालला होता आमचा.”

फोन ठेवून ती वळली, तर भाऊजी गवतावर आडवा झाला होता. शिरस्त्राण डोक्यावरच होतं आणि करवतीचा भुसा मानेला चिकटलेला. “ऐकलंत का,” ती म्हणाली, “उद्या नव्या दोरावर...” आणि थांबली. त्याचा श्वास संथ लागला होता. तोंड थोडं उघडं पडलं होतं, दप्तर टाकून झाडाखाली निजणाऱ्या मुलासारखं.

मागचं दार उघडून घरमालकीण बाई बाहेर आल्या. त्यांनी वर अर्धवट राहिलेल्या फांदीकडं पाहिलं, मग खाली.

“काय हो, काम थांबलं?”

वहिनीनं ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला. उद्या पुरं करून देतो. तोवर या छपराखाली वावरू नका म्हणजे झालं.”

बाईंनी मान हलवली. पण निजलेल्या माणसावरून त्यांची नजर काही निघेना. “एवढ्या सकाळी झोप?”

“बऱ्याच दिवसांची आहे,” वहिनी म्हणाली, आणि त्याच्या तोंडावर येणारं ऊन अडवायला थोडी सरकून बसली.