निळा कटला

गळ टाकून बसणाऱ्या माणसाला मासे पकडायचे असतात, असा बाहेरच्या लोकांचा एक भाबडा समज असतो. धम्मरत्नची बायको रश्मी हिचा हा समज लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात दूर झाला. नवरा दिवसभर पाण्याकाठी बसतो, बहुतेक वेळा हात हलवत परत येतो आणि तरीही खुशीत जेवतो, म्हणजे तिथे मासे सोडून दुसरंच काहीतरी चालतं, हे तिने बरोबर ओळखलं होतं.

चालायचंच मुळी. धम्मरत्न, खंडू आणि रोहिदास हे तिघं दर रविवारी चाकणच्या पलीकडे धरणाच्या फुगवट्यावर जायचे. आधी ते मोशीतच इंद्रायणीवर बसत. पण नदीवर साबणासारखा फेस यायला लागला आणि गळाला मासे सोडून बाकी सगळं लागायला लागलं, तेव्हा त्यांनी बस्तान हलवलं. आता मासा काही बोलावल्यासारखा येत नाही. तो येईपर्यंत माणसाने करायचं काय? खंडू पांगाऱ्याचं हलकं लाकूड कोरत बसे. मासा लागला की पाण्यात बुडी मारून खबर देणारा जो तुकडा दोरीला बांधतात, त्याचा खंडू कधी राघू करी, कधी बदक. ते इतके देखणे होत, की पाण्यात सोडायला त्याचाच जीव होत नसे.

रोहिदासच्या हाताला असलं काही जमत नव्हतं. त्याचा छंद सांगण्याचा. मोशीतलं जुनं शेतकऱ्याचं घराणं. जमिनीवर आता बारा-बारा मजली इमारती उभ्या राहिलेल्या, भाड्याचे गाळे आणि दोन टेंपो एवढा त्याचा व्याप. पण एकदा का रोहिदासने मांडी ठोकून "त्याचं आसं झालं..." म्हणून सुरुवात केली, की टपरीवाला उकळतं दूध विसरायचा. ही टपरी चाकणच्या रस्त्याला, परतीच्या वाटेवर. तिथे तिघं थांबत, कंपन्यांतून शिफ्ट सुटलेली पोरंही थांबत, आणि रोहिदास दोन्ही हात पसरून मासा केवढा होता ते दाखवी. ऐकणाऱ्यांचा एक रिवाज होता. दाखवेल तेवढं मान्य करायचं, मनातल्या मनात एक चतुर्थांश कापायचं, आणि तोंडाने फक्त "बाब्बौ!" म्हणायचं. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळ्यांची करमणूक होत होती.

धम्मरत्नला मात्र स्वतःचा असा छंद नव्हता. तो भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये डायफिटर होता. पत्रा दाबायच्या साच्याचे दोन भाग एकमेकांत तंतोतंत बसवायचे, हे त्याचं काम. त्यासाठी एका भागाला निळ्या रंगाचा पातळसा हात मारायचा, दुसरा भाग त्यावर दाबायचा आणि निळं कुठे उमटलं, कुठे नाही, ते बघून घासायचं. जिथे निळं, तिथे खरं. उभी हयात त्याने या एका वाक्यावर काढली होती.

मागच्या वर्षी तो निवृत्त झाला आणि त्याचे हात शिवशिवायला लागले. एका रविवारी बऱ्यापैकी चिलापी गळाला लागली. तिच्याकडे बघता बघता त्याला काय वाटलं कोण जाणे, घरी येऊन त्याने ती मीठ लावून पुसली, निळ्या रंगाचा हलका हात मारला, वर पतंगाचा पांढरा कागद ठेवला आणि अंगठ्याने हळूहळू दाबला. कागद उचलला तर खवला न् खवला उमटलेला! डोळा, पर, शेपटीच्या काड्या, सगळं जिथल्या तिथे. माणूस स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसायला लागला.

"मासा झकास आलाय," रश्मी कागद बघून म्हणाली, "पण हा खरा मासा आता खायचा कोणी? निळा मासा मी कढईत टाकणार नाही, आधीच सांगते."

मग त्याने केकवर घालतात तसला खायचा निळा रंग आणला आणि घरात शांतता झाली. पिंपळे सौदागरच्या त्यांच्या फ्लॅटमधली बैठकीची भिंत बघता बघता माशांनी भरली. प्रत्येक कागदाखाली तो सुबक अक्षरात माशाचं नाव आणि लांबी लिही. लांबी मिलिमीटरमध्ये, सवयच तशी. खंडूही हौसेने आपले मासे छापायला देऊ लागला, आणि रोहिदास तर "धम्मा, तू कलाकार निघालास राव!" म्हणून ज्याला त्याला सांगत सुटला.

हिवाळ्यात रोहिदासला एक कटला लागला. मासा चांगला झुंजला. रोहिदासने दोरी सोडली, ओढली, गुडघाभर पाण्यात उतरला, आणि शेवटी खंडूने जाळीत घेतला तेव्हा तिघंही लहान पोरांसारखे ओरडले. धम्मरत्नने तो तिथेच काठावर छापून घेतला. कागद त्याच्याकडे राहिला, मासा रोहिदासच्या बायकोच्या, शालनबाईंच्या कढईत गेला आणि गोष्ट रोहिदासजवळ राहिली. या तिन्हींत वाढत गेली ती फक्त गोष्ट. संक्रांतीला कटला कोपरापर्यंत होता. होळीपर्यंत तो दंडापर्यंत आला. रोहिदासची मुलगी साधना निघोज्याला दिलेली. तिचे सासरे कोंडाजीराव घरी आले, तेव्हा तो खांद्याला टेकला होता.

वैशाखात रोहिदासच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. भेट काय न्यायची, याचा धम्मरत्नने फार विचार केला. भिंतीवरचं घड्याळ सगळेच देतात. त्याने तो कटल्याचा कागद काढला, सागवानी चौकटीत काचेखाली बसवला आणि खाली नेहमीसारखं लिहिलं: 'कटला. ३८६ मि.मी. रोहिदास यांनी धरलेला.' मित्राला याहून मोठा मान तो काय देणार? त्याच्या मनात तसूभरही वाकडं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मांडवात कोंडाजीराव निघोज्याची पाच-सहा पाव्हणेमंडळी घेऊन बसले होते आणि रोहिदास ऐन रंगात आला होता. दोन्ही हात फाकलेले, मध्ये कटला. नेमका त्याच वेळी धम्मरत्न पुढे झाला आणि त्याने चौकटीला गुंडाळलेला रंगीत कागद फाडला.

कोंडाजीरावांनी एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा व्याह्यांच्या हातांकडे. त्या दोन हातांमध्ये चौकटीतला मासा ठेवून वर आणखी एक सहज मावला असता.

"व्याही," ते मिशीत हसत म्हणाले, "तुमचा मासा काचंत घालताना आटला जणू!"

मांडव खदखदला. रोहिदासही हसला, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्याने हात खाली घेतले आणि जेवणं होईपर्यंत पुन्हा वर केले नाहीत.

पुढच्या रविवारी तो आला नाही. टेंपोचं काम आहे म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी पाव्हणे होते. मग त्याने फोन उचलायचंच सोडलं. फुगवट्यावर आता दोघंच बसू लागले. पाणी तेच, मासे तेच, खंडूचं कोरणंही चालू. पण परतताना टपरीवर दोघं चहा पिऊन गप उठत. टपरीवाल्याने एकदा विचारलं, "आज काय घावलं?" धम्मरत्नने खरं ते सांगितलं, मिलिमीटरसकट. टपरीवाला "बरं" म्हणाला आणि दुधाकडे वळला.

"माझं चुकलं काय पण?" धम्मरत्न खंडूला म्हणाला. "मी खोटं थोडंच लिहिलं?"

"तू मोजलंस राव," खंडू म्हणाला. "ते काय मोजायचं व्हतं व्हय?"

घरी रश्मीने आणखी स्पष्ट सांगितलं. "अहो, तुम्ही कागदावर छापता तसं ते भाऊजी हवेत छापतात. त्यांच्या चित्रावर तुम्ही पट्टी ठेवलीत, तीही व्याह्यांसमोर. बरं दिसलं का ते?"

त्या रात्री धम्मरत्नला जेवण गोड लागलं नाही. त्याला एकाएकी कळलं, की इतकी वर्षं तो दर रविवारी चाकण ओलांडून जायचा तो माशांसाठी नव्हे, आणि पाण्यासाठीही नव्हे. रोहिदासचं ते "त्याचं आसं झालं" ऐकायला तो जात होता. आणि ते त्याने स्वतःच्या हाताने, सागवानी चौकटीत घालून, बंद करून टाकलं होतं. माफी मागायचं त्याच्या मनात आलं. पण माफी मागून काय होणार? निघोज्यात जो हशा पिकायचा तो पिकतच राहणार. रोहिदासचा शब्द व्याह्यांसमोर पडला होता आणि तो व्याह्यांसमोरच उचलून द्यायला हवा होता.

आषाढ लागला. खंडूने बातमी आणली, की येत्या रविवारी रोहिदासकडे आखाडाचं जेवण आहे, कोंडाजीरावही येणार. धम्मरत्नने शनिवार अख्खा फुगवट्यावर काढला. बाजारातून भला थोरला कटला आणून छापता आला असता, पण ते मनाला पटेना. लबाडी करायची तर निदान स्वतः धरलेल्या माशाची करावी, एवढा मानी तो होता. दिवस कलताना एक बेताचा कटला लागला. घरी येऊन त्याने लांब कागद पसरला. आधी डोक्यापासून पोटापर्यंत मासा छापला. मग कागद पुढे सरकवून, खवल्याला खवला जुळवून, पाठीपासून शेपटीपर्यंत पुन्हा छापला. आयुष्यात एक चुकीचा डाय त्याने पुढे जाऊ दिला नव्हता. आज त्याच हातांनी हे काम करताना त्याच्या कपाळाला घाम आला. पण जोड असा बसला, की भिंग लावून सापडला नसता.

रविवारी तो मोशीला पोचला तेव्हा रोहिदास आणि कोंडाजीराव ओसरीवर जेवणाची वाट बघत बसले होते. रोहिदासने "ये" म्हटलं, पण बसल्या जागेवरूनच. आतून मटणाचा वास येत होता.

धम्मरत्नने बसायच्या आधीच बोलून टाकलं. "कोंडाजीराव, वास्तुशांतीच्या दिवशी माझ्याकडून घोटाळा झाला. चौकटीत भलताच कागद बसवला गेला. तो दुसरा मासा होता. रोहिदासचा कटला हा." आणि त्याने फरशीवर गुंडाळी उलगडली.

कोंडाजीराव पुढे वाकले. मासा फरशीच्या एका टोकापासून सुटला तो तिसऱ्या फरशीवर जाऊन थांबला. "आरं तिच्या!" ते म्हणाले. "म्हंजी व्याही खरंच बोलत व्हते की!"

शालनबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. रोहिदास कागदाशी उकिडवा बसला आणि माशाच्या पाठीवरून बोट फिरवू लागला. बोट एका परापाशी थांबलं. मग पुढे सरकलं आणि आणखी एका परापाशी थांबलं. कटल्याच्या पाठीवर पर एकच असतो. जोड बघण्याच्या नादात धम्मरत्नने मासा बघितलाच नव्हता! कोंडाजीराव शेतीतले आणि जमिनीच्या व्यवहारातले. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. रोहिदासला सगळं कळलं. त्याने मान वर करून धम्मरत्नकडे पाहिलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस जसा दिसतो, तसाच धम्मरत्न दिसत होता.

रोहिदासचे डोळे भरून आले. त्याने ते बाहीने पुसले, खाकरला आणि दोन्ही हात वर केले. हात पसरले, थांबला, मग हळूहळू जवळ आणत आणत कोपराच्याही आत आणून ठेवले.

"न्हाई पाव्हणं," तो म्हणाला. "माजा एवढाच व्हता. काचंतला त्योच खरा. मी जरा वाढवून सांगितलं."

कोंडाजीराव गोंधळले. "मग ह्यो कुणाचा?"

"ह्यो व्हय?" रोहिदासने कागदावर तळवा ठेवला. "ह्यो ह्या धम्मानं धरला. ह्येच्यावाणी मासा तालुक्यात कुणी धरला न्हाई. लाजतोय म्हनून माज्या नावावर घालतोय. आता आलाच हायस तर बस की लेका, उबा का?"

धम्मरत्न मुकाट्याने त्याच्या शेजारी बसला. शालनबाई ताटं आणायची विसरून तशाच उभ्या होत्या. कोंडाजीरावांनी तंबाखूची डबी बंद केली आणि नीट टेकून बसले.

"त्याचं आसं झालं..." रोहिदासने मांडी ठोकली. आणि आपण कधीच न धरलेला मासा आपण कसा धरला, हे धम्मरत्न जीव मुठीत धरून ऐकू लागला.