भ्यायलेल्याला झटका नाही

रंगनाथला कुत्र्यांची भीती वाटते, हे नाशकात फक्त त्याच्या बायकोला, अक्काबाईला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांच्या लेखी तो कुत्र्यांचा मास्तर. गंगापूर रोडच्या बंगल्यांतली मंडळी त्याच्याकडे आपापली पिल्लं पाठवायची आणि तो त्यांना बस, ऊठ, शेजारी चाल एवढं शिकवून परत करायचा. पण घ्यायचा ती पिल्लंच. मोठं कुत्रं आलं की कंबर धरलीय म्हणायचा, नाहीतर गावी जायचंय म्हणायचा. लोकांना वाटायचं, माणूस तत्त्वाचा आहे. तत्त्व कसलं डोंबलाचं. त्याच्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत एक लांब वण होता, आणि मोठं कुत्रं दिसलं की तो वण थंड पडून तळहाताला घाम सुटायचा.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत मखमलाबादच्या मळ्यातून साधना त्याच्या दारात आली, तेव्हाही त्यानं कंबर धरलीच होती. तिच्याबरोबर तिची सहा वर्षांची मुलगी साई होती. साधनाचा नवरा किशोर नामपूरचा कांदा ट्रकनं कलकत्त्याला पोचवायचा; घरी पंधरा-पंधरा दिवस नसायचा. गुलाबाचा आणि झेंडूचा मळा ती आणि तिचे सासरे कोंडाजी बघत. राखणीला एक कुत्रा होता. गावठीच, पण अंगानं दांडगा, तांबूस रंगाचा. म्हणून नाव गुलाल.

"फुलं न्यायला लहानू येतो टेम्पो घेऊन. त्याला चावला," साधना म्हणाली. "बेंबीत चौदा इंजेक्शनं चाललीत त्याची. डॉक्टर म्हनले, कुत्रं धा दिवस नजरेखाली ठेवा, पिसाळलेलं असलं तर कळंल. आज दुसरा दिवस हाय. मामंजी म्हनतात, धा दिवस सरले की याला पेढा."

पेढा म्हणजे कसला पेढा हे रंगनाथला सांगावं लागलं नाही. मळ्याखळ्यावर नको झालेल्या कुत्र्याला पेढ्यातूनच औषध देतात.

"ताई, माझी कंबर..." त्यानं सुरुवात केली.

साई त्याच्या हाताकडे बघत होती. "तुमाला पन चावलंवतं का?"

"हो."

"मग त्या कुत्र्याला पेढा दिला का?"

रंगनाथनं बाही मनगटापर्यंत खाली ओढली. आत अक्काबाई भाकरी थापत होती, तिच्या हातांचा आवाज थांबला. मग तो उगाच घसा खाकरून साधनाला म्हणाला, "उद्या सकाळी येतो."

मळ्यावर गेल्यावर त्याला सगळी गोष्ट कळली. शेजारी द्राक्षबाग होती. मणी गोड व्हायला लागले की पाखरांचे थवे उतरतात आणि त्यांना उठवायला बागवाले दिवसभर सुतळी बॉम्ब लावतात. गुलाल पिल्लू असताना पहिला बॉम्ब वाजला तेव्हा साधनानं त्याला उचलून खताच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि मांडीवर घेऊन बसली. पुढे तीन हंगाम हेच चाललं. आवाज झाला की गुलाल खोलीकडे पळायचा, साधना हातातली फुलांची पाटी टाकून मागोमाग. आवाज होतो आणि मग तो संपतोही, एवढी साधी गोष्ट त्या कुत्र्यानं उघड्या आभाळाखाली कधी बघितलीच नव्हती. दोन दिवसांमागे लहानू पाटी उचलायला नेमका खोलीच्या दारात उभा होता, तेवढ्यात बॉम्ब वाजला. गुलालला जायला दुसरी वाट नव्हती.

"माझंच चुकलं का, भाऊ?" साधनानं विचारलं.

"मायेनं केलंत. पण चुकलं," रंगनाथ म्हणाला. दुसऱ्याची चूक त्याला लख्ख दिसायची.

त्याची शिकवण्याची रीत दोन्ही हातांची होती. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात उकडलेल्या मांसाचा तुकडा. कुत्र्याला एखादी गोष्ट येत नसेल तर ती शिकवायची. येत असून करत नसेल तर दोरीला एकच छोटा झटका, आणि सुधारला की त्याच क्षणी शाबासकी. आणि कुत्रा भ्यायला असेल तर काहीही करायचं नाही. झटका नाही, गोंजारणं नाही. दोरी सैल सोडून शेजारी उभं राहायचं आणि त्याचं त्याला सावरू द्यायचं. भ्यायलेल्याला झटका नाही, हे वाक्य त्यानं सातपूरच्या एका कारखान्याच्या कुत्रेपथकात बावीस वर्षं नव्या पोरांकडून पाठ करून घेतलं होतं.

पहिला दिवस त्यानं लांबून बघण्यात घालवला. लांबून बघणं हाही शिकवण्याचा भाग असतो असं त्यानं साधनाला सांगितलं. खरं म्हणजे त्याची जवळ जायची छाती होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मात्र दोरी धरावीच लागली. गुलाल कडक अंगानं शेजारी चालत होता. कान मागे, शेपूट पोटाखाली. रंगनाथच्या तळहाताला घाम सुटला होता आणि दोरी निसटेल म्हणून त्यानं ती मुठीला दोन वेढे देऊन घट्ट धरली होती. अशा वेळी कुत्र्याला काय कळतं? एवढंच कळतं की धरणारा माणूसही कशाला तरी टरकलेला आहे. म्हणजे खरंच काहीतरी येतंय.

बागेत बॉम्ब फुटला. गुलालनं उडी घेतली आणि रंगनाथच्या हातानं, त्याला न विचारता, जोराचा झटका मारला. कुत्रा गर्रकन वळला. दात वणाच्या बोटभर अलीकडे कडकन मिटले. दोरी हातातून सुटली, गुलाल खताच्या खोलीत गेला आणि रंगनाथ गुलाबाच्या वाफ्यात मटकन खाली बसला. अंगात ठिकठिकाणी काटे रुतले होते, पण ते त्याला संध्याकाळी कळले.

"पिसाळलाय तो. मास्तर, सोडा नाद," बांधावरून कोंडाजी म्हणाला. म्हातारा दुष्ट नव्हता. त्याला नातीची काळजी होती, आणि त्याच्या जागी कुणीही हेच म्हणालं असतं.

पिसाळलाय.  सहा वर्षांपूर्वी हाच शब्द रंगनाथनं स्वतः वापरला होता. कारखान्यात स्फोटासारखा आवाज झाला, राजा नावाचा त्याचा कुत्रा भेदरला, आणि साहेब बघतायत म्हणून रंगनाथनं त्याला झटका मारला. एक नाही, तीन. तिसऱ्याला राजानं हात धरला. दवाखान्यातल्या खाटेवरून रंगनाथनं साहेबांना सांगितलं की कुत्रा पिसाळलाय, विनाकारण आला अंगावर. चूक स्वतःची म्हटली असती तर बावीस वर्षांचं नाव गेलं असतं. साहेबांनी त्याचं ऐकलं. त्याचं तर ऐकणारच.

घरी अक्काबाईनं सुईनं त्याच्या पाठीतले काटे काढले. 

"परत तसंच केलंत ना?" शेवटचा काटा निघाल्यावर तिनं विचारलं.

"हात आपोआप गेला."

"हात तुमचाच आहे," ती म्हणाली आणि हळदीची वाटी आत घेऊन गेली.

दहापैकी पाचव्या दिवशी तो मळ्यावर गेला तो पाय ओढतच. त्यानं दोरी बदलली. आखूड दोरीऐवजी विहिरीच्या रहाटाची लांब, जुनी दोरी घेतली आणि ती मुठीला न गुंडाळता नुसती तळहातावर ठेवली. त्या सैल दोरीची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली. घट्ट धरलेल्या दोरीनं निदान आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

गुलालला घेऊन तो मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, जिथे बॉम्बचा आवाज नुसता धप्प असा यायचा. आवाज आला. गुलाल ताठ झाला, थरथरला. रंगनाथही थरथरला. दोघं तसेच उभे राहिले. साधनाला विहिरीच्या कठड्यावर बसवून ठेवलं होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता, कारण "नाय रे बाळा, काय नाय" हे शब्द तिच्या तोंडून आपसूक निघायचे. बऱ्याच वेळानं गुलालनं भिजल्यासारखं सगळं अंग डोक्यापासून शेपटीपर्यंत झाडलं.

"शाब्बास," रंगनाथ म्हणाला आणि तुकडा पुढे केला. "बघितलंत, ताई? हे अंग झाडणं त्याचं त्यानं केलं. आपण दिलेलं नाही ते. आपण दिलेलं काढून घेता येतं, हे नाही."

मग रोज दहा-वीस पावलं बागेच्या जवळ. कधी जमलं, कधी चार पावलं मागे यावं लागलं. सातव्या दिवशी तर गुलाल दुपारभर नुसता लाळ गाळत बसून राहिला आणि रंगनाथला वाटलं, संपलं सगळं. मधल्या वेळात शिस्तही चालू होती. कोंबड्यांमागे धावायचं नाही हे गुलालला पक्कं ठाऊक होतं. तरी आठव्या दिवशी तो मजेत शेपूट उभारून धावला, तेव्हा रंगनाथनं चोख झटका दिला. गुलाल थांबला, मागे बघितलं, परत आला आणि शाबासकी घेऊन गेला. राग नाही, रुसवा नाही. तोच झटका, तोच हात. साईनं विचारलं, "आता नाय चावला तो?" रंगनाथ म्हणाला, "आता त्याला कळलं झटका कशाचा ते."

दहाव्या दिवशी सकाळी कोंडाजी आला. हातात काठी, सदऱ्याच्या खिशात कागदाची पुडी. पुडी त्यानं लपवली नाही.

"मी याच्याजवळून जानार. बागवाल्याला सांगितलंय, मी हात वर केला की बॉम्ब लावंल. अंगावर आला तर आजच," तो म्हणाला. "आनि गुरकावला तरी आजच. घरात लेकरू हाय."

साधना साईला कवटाळून उभी राहिली. रंगनाथला वाटलं, अजून आठ दिवस मागावेत. पण त्यानं गुलालची लांब दोरी तळहातावर घेतली.

कोंडाजी वाफ्यांमधून चालत निघाला. गुलालपासून हातभर अंतरावर आला. त्यानं हात वर केला आणि म्हातारा माणूस, उन्हात उभं राहवेना म्हणून, आठ-दहा पावलं सरकून सावलीला थांबला. सावली होती खताच्या खोलीची. तो दारातच उभा होता. दार लावलेलं होतं.

रंगनाथच्या हे ध्यानात येईपर्यंत बॉम्ब वाजला. इतक्या जवळून आजवर एकही वाजला नव्हता. गुलाल सुटला तो सरळ दाराकडे. तळहातावरून दोरी सळसळत निघाली. मूठ आवळावी एवढीच रंगनाथची इच्छा होती. आवळली असती तर मानेला हिसका बसला असता, वाट तर लहानूच्या वेळेसारखी बंद होतीच, आणि पुढचं त्याला माहीत होतं. त्यानं हात उघडा ठेवला. दोरी निघून गेली.

गुलाल म्हाताऱ्यापासून दोन हातांवर थांबला. पुढे बंद दार, मधे माणूस, माणसाच्या हातात काठी. त्याच्या घशातून बारीक गुरगुर निघाली. कोंडाजीचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, काठी खाली टाका. हलू नका," रंगनाथ म्हणाला आणि चालायला लागला.  जवळ पोचल्यावर त्यानं कुत्र्याकडे पाठ केली आणि मातीत बसला. मोठ्या कुत्र्याकडे पाठ करून तो सहा वर्षांत कधी बसला नव्हता. मानेवर गरम श्वास येत होता.

"मीही भ्यालोय रे," तो हळू म्हणाला. ते गुलालसाठी होतं की कुणासाठी, त्यालाच ठाऊक.

 बागेवरून पाखरं उडून परत येऊन बसली. मग रंगनाथच्या मागे कान फडफडल्याचा आवाज झाला. गुलालनं अंग झाडलं होतं. तो पुढे आला, दोरी ओढत, आणि त्यानं रंगनाथच्या वणावर नाक टेकवलं.

"शाब्बास," रंगनाथ म्हणाला आणि तुकडा पुढे केला.

कोंडाजी भिंतीला धरून खाली बसला. "गुरकावला, पन चावला नाय. वाट मीच अडवलीवती," थोडा दम घेऊन तो म्हणाला. त्यानं खिशातली पुडी काढली आणि खोल खड्डा करून कागदासकट पुरली. वर एक दगड ठेवला. "हिकडं कोंबड्याबी फिरकू देऊ नगा," तो सुनेला म्हणाला.

साधना रडत होती आणि हसतही होती. तिनं चहा ठेवला. तेवढ्यात साई रंगनाथच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं वणावर बोट ठेवलं.

"मास्तर, तुमी सांगितलंच नाय. त्याला पेढा दिला का?"

आता हो म्हणून, नाही म्हणून, किंवा काही न म्हणता निभावता आलं असतं. आज त्याचा मान होता. गुलालनं त्याच्या मांडीवर हनुवटी ठेवली होती.

"पेढा नाही. इंजेक्शन दिलं," रंगनाथ म्हणाला. "मी सांगितलं म्हणून. तो पिसाळलेला नव्हता. तो भ्यायला होता आणि मी त्याला मारत होतो. राजा नाव होतं त्याचं."

 साईनं वणावरचं बोट काढून घेतलं.

साधना कपबशी घेऊन उभी होती. तिनं ती त्याच्यासमोर ठेवली, नेहमीसारखीच, आणि मग वाकून मातीतली दोरी उचलली. तिनं ती मुठीला गुंडाळली नाही.

"उद्यापासून दोरी मी धरते, भाऊ," ती म्हणाली. "तुमी लांबून सांगा."

रंगनाथनं मान डोलावली. बागेत आणखी एक बॉम्ब वाजला. गुलाल दचकला, त्यानं साधनाकडे बघितलं, आणि तिच्याजवळ जाऊन बसला.