भात्यावरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, गाण्याची. हार्मोनियम म्हणतात ती. माझ्या घावाने एका बाईचा हात मोडला. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ती हकीकत मीच सांगितलेली बरी.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने सागवानातून घडवले. सुराची एकेक पितळी पत्ती तो इतक्या निगुतीने घाशी, की जेवायला हाका मारून त्याची बायको थकून जाई. पुढे तीस वर्षे मी एका शाळेत काढली. गाण्याच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने मला अडगळीत टाकायचे ठरवले. बाई म्हणाल्या, "अडगळीत मी जाणार नाही आणि हीसुद्धा जाणार नाही." त्यांनी मला मोठ्या इस्पितळासमोरच्या निवासात नेले.

तिथे रुग्णांची माणसे राहतात. बारा खोल्या, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर आणि एक दिवाणखाना. दुपारी दोन ते चार इस्पितळात कोणाला आत सोडत नाहीत. ते दोन तास माणसांना खायला उठतात. तेव्हा बाई मला उघडत. संधिवाताने त्यांचा डावा हात आखडला होता, म्हणून भाता दुसऱ्या कोणीतरी हलवावा लागे.

त्या वर्षी भात्यावर टेलरताई बसू लागली. ती शिवणकाम करी. नवऱ्याचे दोन्ही पाय अपघातात चिरडले होते, एवढेच तिने सांगितले होते. समोर बसे तो गवंडीदादा. त्याची नऊ वर्षांची मुलगी शाळेतून येताना ट्रकखाली सापडली होती आणि अजून शुद्धीवर आली नव्हती. त्याचा आवाज खर्जातला, भरदार. तो गाऊ लागला की माझ्या लाकडालाही कंप सुटे. टेलरताईने मुलीसाठी बाजूने उघडणारा झगा शिवला, म्हणजे बँडेजवरूनही घालता यावा.

"ताई, शुद्धीवर आली की पहिला हाच घालीन," तो म्हणाला.

तो गेल्यावर टेलरताईचा हात भात्यावरच थांबला. "बाई, ती पोर आमच्याच गाडीखाली आलीय," ती म्हणाली. "यांना स्टिअरिंगवर डुलकी लागली. मला चौथ्या दिवशी कळलं. सांगू कशी?"

बाईंनी मला मिटले. मग म्हणाल्या, "आज नको."

ते 'आज' तीन दिवस लांबले.

अपघाताच्या नवव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मुलीचा उजवा पाय कापला. दुपारी गवंडीदादा येऊन बसला, पण गायला नाही. तेवढ्यात जबाब घ्यायला एक पोलीस आला आणि दारातूनच त्याने विचारले, "शाळेपाशी पोरीला उडवलं त्या ट्रकवाल्याची बायको कोण?"

टेलरताईने भात्यावरचा हात काढला आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" गवंडीदादाने हळूच विचारले.

ती खोटे बोलली नाही. "होतं."

त्याने तिचे केस धरले आणि डोके भिंतीवर आपटले. एकदा, मग पुन्हा. बाईंनी त्याची बाही धरली. त्याने झटकताच त्या कोलमडल्या आणि त्यांचा चष्मा फुटला. पोलिसाला त्याने कोपरानेच मागे लोटले. मग जन्मभर विटा वाहिलेल्या त्या हातांनी मला डोक्यावर उचलले. माझा भाता उघडाच होता. त्यातून एक बेसूर हुंकार निघाला. टेलरताईने डोके वाचवायला डावा हात वर केला. मी त्यावर आदळले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्या कोणत्याच पट्टीत तो आवाज नाही.

त्याने मला पुन्हा उचलले. या वेळी मी फरशीवर फुटले आणि पट्ट्या दातांसारख्या विखुरल्या. स्वयंपाकघरातून टेलरताईच्या सोबतीला राहणारा तिचा भाऊ लोखंडी कढई घेऊन धावला. त्याने गवंडीदादाच्या तोंडावर घाव घातला आणि तो पडल्यावरही घालतच राहिला. माझ्या तुकड्यांवर रक्त सांडले.

"पुरे," टेलरताई जमिनीवरून म्हणाली. "त्याची पोर तिकडे पडलीय."

पोलीस गवंडीदादाला घेऊन गेले. चौथ्या दिवशी तो जामिनावर सुटला, पण निवासाच्या व्यवस्थापकांनी खोली नाकारली. तो इस्पितळाच्या फाटकाबाहेर बाकावर झोपू लागला. व्यवस्थापकांनी टेलरताईला तिचे म्हणणे विचारले.

"तक्रार मी मागे घेणार नाही," ती म्हणाली. "माझा हात मोडलाय. माझ्या भावाने केलं ते भाऊ भोगेल. पण त्याला खोली द्या. पोरीजवळ बाप हवा."

बाईंनी माझे तुकडे चादरीत बांधून सुताराकडे नेले. दोन पत्त्या मिळाल्या नाहीत, बाकीच्या जुळल्या. मी परत आले त्या पहिल्या दुपारी भात्याशी कोणीच बसेना. तेव्हा खोली परत मिळालेला गवंडीदादा आला, पुढचे दोन दात नसलेला, आणि बसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. पण मला मिटलेही नाही.

महिनाभर त्याने भाता हलवला, गायला मात्र नाही. त्या दोन तासांत टेलरताई स्वयंपाकघरातच थांबे आणि एका हाताने भांडी जोरजोरात आपटी. मुलगी वाचली. ती कुबड्यांवर चालायला शिकली. तिला घरी न्यायचे त्या दुपारी टेलरताई दिवाणखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. हात अजून प्लास्टरमध्येच होता. गवंडीदादा मान खाली घालून भाता दाबत राहिला.

"इतक्या जोरात दाबू नका," ती म्हणाली. "सूर फाटतो."

एवढे बोलून ती निघून गेली. त्याने हात सैल केला.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना धुळीपासून जपा, ओलीपासून जपा. मला उचलाल तेव्हा दोन्ही हातांनी उचला, आणि उचलण्याआधी कुठे ठेवायचे ते ठरवा.