शंभूदादांच्या जागी रंभा

शंभूदादा बहरीनमध्ये आमच्या कंपनीची बस चालवत. सकाळी मनामाहून सित्र्याला, संध्याकाळी परत. मी वसईची, बीएस्सी होऊन तिथल्या लॅबमध्ये लागलेली. ड्रायव्हरच्या मागची सीट माझी ठरलेली. १९८३ च्या फेब्रुवारीत एकदा वाटेतल्या मआमीर गावात ते उगाचच हॉर्न वाजवत सुटले.

“काय झालं, दादा?”

“लीव मफी. रजा नाय गावली. यंदा पण.”

कोकणातल्या त्यांच्या गावी शिमग्याला पालखीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. मानकऱ्याने गावासाठी देवीकडे मागायचं आणि दर वाक्याला गावाने ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. दोन वर्षं ते जाऊ शकले नव्हते. तिसऱ्या वर्षीही जागा रिकामी राहिली, तर मान भावकीतल्या बाळाजीच्या घरात जाणार होता.

“नोकरी सोडतंय नि जातंय,” ते म्हणाले.

“कॅसेट भरून पाठवा की.”

“आणि गुलाल कोणाक लावतले, बाय? टेपरेकॉर्डराक?”

आमचे लॅबप्रमुख रॉस साहेब स्कॉटलंडमधल्या नेर्न नावाच्या चिमुकल्या काउंटीचे. त्यांच्या टेबलावर मावशीचा फोटो होता. शंभर वर्षांच्या म्हातारीला ती राणीचा शुभेच्छासंदेश देत होती. मावशी तिथल्या लॉर्ड-लेफ्टनंटची डेप्युटी, असं ते सांगत.

“म्हणजे सैन्यात?” मी विचारलं.

ते हसले. हे पद स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस आलं, ते खरोखरच स्थानिक फौज उभी करायला. १८७१ मध्ये फौजेचा अधिकार गेला. उरला गणवेश, तलवार आणि मान. १९७५ मध्ये तर कारभारातून काउंटीच गेली. पद मात्र राहिलं.

“मग आता त्याचं काम काय?”

“जाणं. राणी सगळीकडे पोचत नाही, म्हणून तो जातो. त्याला जमत नाही तेव्हा मावशी जाते. लोक उठून उभे राहतात.”

“नाही राहिले तर?”

“तर संपलं,” रॉस साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं शंभूदादांना सांगितलं.

“राणीचो मानकरी!” ते खूश झाले. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, “नि त्याच्या जागी बाईमाणूस?”

“बाईमाणूसच.”

पुढचं वळण घेऊन ते म्हणाले, “आमच्या रंभाक सगळा गाराणा पाठ आसा. माझे चुके तीच काढता.”

त्यांनी गावाला निरोप धाडला: यंदा माझ्या जागी माझी बायको. गाव काय म्हणेल, ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

एप्रिलमध्ये गावाकडून कॅसेट आली. शंभूदादांची एकट्याने ऐकायची छाती होईना. संध्याकाळी बस सुटण्याआधी त्यांनी ती बसमध्येच लावली. ढोल थांबले. रंभावहिनींचा आवाज आला, जरासा कापरा, पण स्पष्ट. पहिलं वाक्य संपलं आणि पुढे काहीच नाही. कोणीतरी पुरुष फिस्सकन हसला. शंभूदादांचा हात बटणाकडे गेला.

तेवढ्यात एक चिरका म्हातारा आवाज आला. “व्हय महाराजा!”

“गोदाबाय!” शंभूदादा ओरडले. “बाळाजीची आवस!”

बाळाजीच्या आईमागून मग सगळं गाव म्हणालं. वहिनींचा आवाज चढत गेला. पीक, पोरंबाळं, गुरंढोरं आणि शेवटी, “जे दर्यापल्याड बशी चालवतत, त्येंका पुढल्या शिमग्याक लीव गावांदे रे महाराजा!”

मागच्या सीटांवर पेंगणारे आमचे कोकणी फिटर टेपमधल्या गावाच्या आधीच ओरडले, “व्हय महाराजा!”

शंभूदादांनी डोळे पुसले आणि गिअर टाकला. “यल्ला,” ते म्हणाले.