प्रेमलाच्या नावाचा अर्ज

अर्ज मी रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी भरला. निळ्या बॉलपेनने, खाडाखोड न करता. तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी लागलेली सवय: रकाना रिकामा सोडायचा नाही आणि ठाऊक आहे ते लपवायचे नाही. पुढे नव्या राजधानीच्या पाणीपुरवठ्याचे नकाशे केले, निवृत्त झालो, पण ती सवय सुटली नाही.

अर्ज अंदमानातल्या एका लहान बेटावरच्या डायव्हिंग केंद्राचा होता. तेथे प्रशिक्षक नवख्यांना हाताला धरून समुद्राखाली नेतात. माझ्या पत्नीला, प्रेमलाला, काचबिंदू होता. एका डोळ्याची शस्त्रक्रिया होऊनही दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा घेर आत आत येत होता. फार तर वर्ष, असे डॉक्टर म्हणाले होते.

"तुमच्या दोन इंची पाइपातून बघून राहिली मी," ती म्हणायची. "तो बंद व्हायच्या पहिले मले एकदा पाण्याच्या आतून पाहाचं आहे."

भंडाऱ्याकडच्या तिच्या गावी मुलगे तलावात बुडी मारून तळाची माती वर आणत. पोरींना त्यांचे कपडे राखायला काठावर बसवीत. तिने मागितलेली ही एवढीच गोष्ट होती.

अकरावा प्रश्न होता: डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे काय? मी 'होय'वर खूण केली आणि रुग्णालयाच्या कागदाची प्रत टाचली. तिला सहीची रेघ दिसेना, म्हणून तिचा हात धरून रेघेवर ठेवला. प्रश्न वाचून दाखवावेत, असे माझ्या मनात आले नाही.

बेटावर प्रेमला रबरी पोशाख चढवून बाकावर बसली होती. प्रशिक्षक अनिमेषने अर्ज दोनदा वाचला.

"अंकल, आंटी को मैं नीचे नहीं ले जा सकता. पानी के प्रेशर से आँख को नुकसान होगा."

दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, हे मला कोणी सांगायला नको होते. तरी मी सगळी माहिती पुरवली होती ती यासाठी, की जाणकाराने त्यावर काही तोड काढावी.

"आँख तो जा ही रही है, बेटा," प्रेमला म्हणाली. "किसके लिए बचाकर रखूँ?"

अनिमेषने कागदाची घडी केली. "लिखा हुआ है, आंटी. मेरे हाथ में नहीं."

खोलीकडे परतताना ती म्हणाली, "मले विचारलं काहून नाही? त्या प्रश्नाले मी 'नाही' म्हटलं असतं."

"ते खोटं झालं असतं."

"हव. पण माझं झालं असतं."

दुसऱ्या सकाळी मी हिरालाल नावाच्या कोळ्याची होडी ठरवली आणि प्रेमलाला घेऊन निघालो. खाली जाता येत नाही, तर खालचे वर आणावे, असा माझा हिशेब होता. दोन तास गळ टाकून बसल्यावर एक मासा लागला. नाव मला माहीत नाही. मोरपिसासारखा निळा-हिरवा, परांच्या कडा गुलाबी. मी तो दोन्ही हातांनी धरून तिच्या डोळ्यांसमोर नेला.

"डावीकडे घ्या. नाही, वर. हालवू नका न."

"तोच हालतो आहे."

अखेर तो तिच्या नजरेत आला, तेव्हा त्याची धडपड थांबली होती आणि ओली भिंत वाळावी तसा रंग उतरत गेला होता.

"राखाडी आहे," ती म्हणाली.

"आत्ता निळा होता."

"असंन. मले राखाडी दिसला."

"मरने पर ऐसा ही हो जाता है, अम्मा," हिरालाल म्हणाला.

उजवा डोळा पौषात गेला, डावा होळीच्या आधी. शेजारच्या शारदाताईंनी एकदा विचारले, समुद्र कसा होता. प्रेमला म्हणाली, "काठ चांगला होता."

गेल्या आठवड्यात मी दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज आणला. या वेळी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि पहिल्या प्रश्नापासून मोठ्याने वाचू लागलो. तिसऱ्या प्रश्नावर तिने हात वर केला.

"तुम्हाले माहीत आहे न सगळं," ती म्हणाली. "लिहून टाका."

मी पेन उघडून बसलो होतो. ती भिंत चाचपत आत गेली.